नोटा, हप्ता, कांदा आणि ठेव: वाचकांच्या पत्रांना उत्तरं

डिसेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना थोड्या मुदतीसाठी पैसा देते तो दर, ५.२५ टक्क्यांवर आणला. त्यानंतर या सदराकडे आलेली बहुतेक पत्रं व्याजदराबद्दलचीच आहेत. माझी नोकरीतली बरीच वर्षं बँकेच्या ट्रेझरीत गेली, म्हणजे सरकारी रोख्यांची, सरकारच्या कर्जपत्रांची, खरेदी-विक्री चालते त्या विभागात. तिथे लागलेली एक सवय अजून सुटलेली नाही. रेपो दराचं पत्रक हाती आलं की शेजारी अर्थसंकल्पातला कर्जउभारणीचा आकडा ठेवायचा. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय दर पुढे कुठे जाणार, याचा अंदाज बांधता येत नाही. खाली निवडलेल्या पाचही पत्रांत कुणी रिझर्व्ह बँकेवर बोट ठेवलंय, कुणी सरकारवर. उत्तर देताना मात्र मला दर वेळी दोघांकडे जावं लागलं.

आमच्या नाशिक रोडला नोटांचा छापखाना आहे. केंद्र सरकार व्याजापोटीच वर्षाला बारा लाख कोटींच्या वर भरतं असं वाचलं. मग नोटा छापून कर्ज फेडून का टाकत नाहीत? आणि छापायच्या नसतील, तर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सरकारला अडीच लाख कोटींहून जास्त दिले ते कुठून आले?
*एक वाचक, नाशिक रोड*

तुमच्याकडचा छापखाना १९२८ पासून नोटा छापतोय. नाशिक रोड आणि देवास हे दोन छापखाने केंद्र सरकारच्या कंपनीचे, तर म्हैसूर आणि सालबोनी इथले रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीचे. किती आणि कोणत्या नोटा लागतील हे रिझर्व्ह बँक सरकारशी बोलून ठरवते, आणि त्यातल्या बऱ्याचशा मळक्या-फाटक्या नोटांच्या जागी जातात. नोट जारी करण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेचा. अपवाद एक रुपयाच्या नोटेचा. ती सरकारची असते आणि तिच्यावर वित्त सचिवांची सही असते.

तुम्ही सुचवताय ती गोष्ट आपल्याकडे प्रत्यक्षात चालू होती, तीही चाळीस वर्षांहून जास्त काळ. १९५५ पासून अशी व्यवस्था होती की सरकारची रिझर्व्ह बँकेतली शिल्लक ठरलेल्या पातळीखाली गेली की बँकेने ‘अ‍ॅड-हॉक ट्रेझरी बिलं’, म्हणजे सरकारची थोड्या मुदतीची कर्जपत्रं, घ्यायची आणि सरकारच्या खात्यात तेवढी रक्कम जमा करायची. त्यासाठी लिलाव नाही की कुणाची हरकत नाही. १९७४ नंतर त्यावरचं व्याज ४.६ टक्के ठरलं आणि बाजारातले दर कुठेही गेले तरी ते तेवढंच राहिलं. नोटा छापखान्यातून निघोत वा खात्यावर आकडा चढो, परिणाम एकच: मागे वस्तू नसलेला पैसा बाजारात येतो.

हा पैसा महागाईत फुटू नये म्हणून रिझर्व्ह बँकेला दुसऱ्या बाजूने तो अडवून धरावा लागे. १९९० च्या सुमारास सीआरआर, म्हणजे बँकांनी ठेवींतला रिझर्व्ह बँकेत ठेवायचा हिस्सा, १५ टक्के होता आणि एसएलआर, म्हणजे मुख्यतः सरकारी रोख्यांत घालायचा हिस्सा, ३८.५ टक्के. म्हणजे बँकेत आलेल्या शंभर रुपयांच्या ठेवीतले साडेत्रेपन्न रुपये आधीच बांधलेले. उरलेल्या साडेसेहेचाळीस रुपयांत शेती, कारखानदारी, दुकानदारी सगळ्यांनी भागवायचं. घाऊक महागाई तरीही ऑगस्ट १९९१ मध्ये १७ टक्क्यांच्या आसपास पोचली. त्याच वर्षी परकीय चलन इतकं आटलं की जुलैत रिझर्व्ह बँकेचं जवळपास ४७ टन सोनं परदेशात गहाण पडलं. त्या संकटामागे आखाती युद्ध होतं, तेलाचे भाव होते. पण वर्षानुवर्षं फुगत गेलेली सरकारी तूट हे मुळातलं दुखणं होतं.

यातून सुटायला वेळ लागला. सप्टेंबर १९९४ मध्ये सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात करार झाला. तेव्हा अर्थमंत्री मनमोहन सिंग आणि गव्हर्नर सी. रंगराजन. तीन वर्षांत ही बिलं बंद करायची असं ठरलं आणि एप्रिल १९९७ पासून ती बंद झाली. पुढे सरकारी तुटीला लगाम घालणारा २००३ चा वित्तीय जबाबदारी कायदा आला आणि एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँकेने सरकारी रोखे थेट सरकारकडून घेणंही, अपवाद सोडून, थांबलं. माझ्या मते आपल्या आर्थिक इतिहासातला हा फार मोठा निर्णय आहे. १९९१ च्या अर्थसंकल्पाबद्दल सगळे बोलतात, या कराराबद्दल कुणी बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता कुणी म्हणेल, २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने रोखे घेतलेच की. घेतले. ‘जी-सॅप’ या नावाने पहिल्या तिमाहीत १ लाख कोटी आणि दुसरीत १.२ लाख कोटी असा कार्यक्रम आधी जाहीर करून घेतले. पण ते बाजारातून घेतले, किती घ्यायचे हे स्वतः ठरवून घेतले आणि पुढे थांबवले. सरकारच्या शिल्लकेचा आकडा घसरला म्हणून आपोआप झालेली ती खरेदी नव्हती. या दोहोंमधली रेघ बारीक आहे हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच तिच्यावर सतत डोळा हवा. २०२०-२१ मध्ये केंद्राची तूट जीडीपीच्या ९.२ टक्क्यांवर गेली होती. त्या काळात सरकारने ८० कोटी लोकांना मोफत धान्य दिलं, रिझर्व्ह बँकेने रेपो ४ टक्क्यांवर नेला आणि कर्जाच्या हप्त्यांना ऑगस्टअखेरपर्यंत सवलत दिली. दुकानं-कारखाने बंद असताना दोघांनीही हात सैल सोडणं योग्यच होतं. पुढे ही तूट टप्प्याटप्प्याने उतरवत आणली. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ती ४.४ टक्के धरली होती.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. २०२५ मध्ये दिलेले २,६८,५९० कोटी हे रिझर्व्ह बँकेचं वरकड उत्पन्न आहे: तिच्याकडच्या देशी-परदेशी रोख्यांवरचं व्याज, डॉलर विकताना झालेला नफा वगैरे. माजी गव्हर्नर बिमल जालान यांच्या समितीने २०१९ मध्ये नियम घालून दिला की आधी अडीअडचणीसाठी ठरावीक राखीव गंगाजळी बाजूला काढायची आणि मग उरेल ते सरकारला द्यायचं. त्या वर्षी ही गंगाजळी ताळेबंदाच्या ७.५ टक्के ठेवली, आधीच्या वर्षीपेक्षा जास्त. तेव्हा गल्ला रिकामा करून दिलेले ते पैसे नाहीत. पण ही रक्कम दर वर्षी इतकीच येईल असं धरून कुठलाही अर्थमंत्री कायमचा खर्च वाढवणार असेल, तर मी त्याला विरोधच करीन.

२०२१ मध्ये ३० लाखांचं गृहकर्ज २० वर्षांसाठी ६.७५ टक्क्यांनी घेतलं. पुढे दर ९.२५ पर्यंत गेला. हप्ता तोच राहिला म्हणून मी निर्धास्त होतो, नंतर कळलं की मुदत कितीतरी वर्षांनी वाढली. आता रेपो सव्वा टक्का उतरलाय, पण माझा दर अर्धाच टक्का उतरला. हे कसं?
*एक वाचक, डोंबिवली*

आधी आकडे मांडू. सोयीसाठी मुद्दल ३० लाखच धरते. ६.७५ टक्क्यांना २० वर्षांचा हप्ता येतो २२,८११ रुपये. दर ९.२५ झाला की ३० लाखांवरचं एका महिन्याचं नुसतं व्याजच २३,१२५ रुपये होतं. तुमचा हप्ता त्या व्याजालाही पुरत नाही. दरमहा ३१४ रुपये उलट मुद्दलात चढत जातात. मुदत तीच राखायची असती तर हप्ता २७,४७६ रुपये करावा लागला असता. तुमच्या बाबतीत दर पायरी-पायरीने वाढला आणि थोडं मुद्दल तोवर फिटलं होतं म्हणून चित्र इतकं वाईट नसेल, पण ‘हप्ता बदलला नाही’ याचा अर्थ काय असू शकतो ते यातून कळेल.

अशा असंख्य कर्जदारांमुळेच ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला. दर बदलताना हप्ता वाढेल की मुदत वाढेल हे कर्जदाराला स्पष्ट सांगायचं, हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, दोन्ही थोडं थोडं करायचं की काही रक्कम एकदम भरायची हा पर्याय त्याला द्यायचा, आणि मुदत इतकी ताणायची नाही की व्याजही वसूल होऊ नये. हा नियम सहकारी बँका आणि गृहवित्त कंपन्यांनाही लागू आहे. तुम्हाला असं पत्र आलं नसेल तर लेखी मागा.

आता दर अर्धाच का उतरला? मंजुरीपत्र काढा आणि दर कशाला जोडलाय ते वाचा. ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांना तरत्या दराची नवी गृहकर्जं बाहेरच्या मानदंडाला, बहुतेक ठिकाणी रेपोला, जोडणं बंधनकारक आहे. तीन महिन्यांतून निदान एकदा दर बदलावा लागतो. तसं असेल तर सव्वा टक्का तुम्हाला पूर्ण मिळायला हवा. पण कर्ज गृहवित्त कंपनीचं किंवा सहकारी बँकेचं असेल तर हे बंधन नाही. तिथे दर ‘पीएलआर’सारख्या त्यांच्या स्वतःच्या मानदंडाला बांधलेला असतो, आणि तो रेपोच्या मागोमाग धावत नाही. फरक किती पडतो पाहा. त्याच ३० लाखांवर ९.२५ वरून ८.०० झाला तर हप्ता २५,०९३ रुपये, ८.७५ वर अडला तर २६,५११. महिन्याला १,४१८ रुपये.

असं का होतं याचं मूळ मात्र तुमच्या मंजुरीपत्रात सापडणार नाही. रेपो हा एका रात्रीपासून थोड्या दिवसांपर्यंतच्या पैशाचा दर. वीस वर्षांचं कर्ज देणारी कंपनी लांब मुदतीचा पैसा उभारते, आणि लांब मुदतीच्या पैशाचा भाव ठरतो सरकारी रोख्यांवरून. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने एका झटक्यात अर्धा टक्का कपात केली. तरी ऑगस्टअखेरीस दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा जूनच्या सुरुवातीपेक्षा वर होता. बाजाराला वाटत होतं की आणखी कपातीला आता फार वाव नाही, आणि जीएसटीच्या कपातीने सरकारचं उत्पन्न घटलं तर कर्जउभारणी वाढेल. त्या वर्षीची एकूण कर्जउभारणी १४.८२ लाख कोटींची ठरलेली होती. एवढा मोठा कर्जदार रांगेत पुढे उभा असला की मागच्यांना पैसा महाग पडतो.

४ मे २०२२ ची दुपार मला लख्ख आठवते. व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीची ठरलेली बैठक जूनमध्ये होती. दुपारी दोनच्या सुमारास गव्हर्नर अचानक पडद्यावर आले आणि रेपो ४.०० वरून ४.४० केल्याचं जाहीर झालं. सीआरआरही अर्धा टक्का वाढवला. दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा ७.१२ च्या आसपास होता, तो दिवसअखेर ७.३८ वर गेला. परतावा वर जातो तेव्हा हातातल्या रोख्याची किंमत खाली येते. शंभराच्या रोख्यामागे दीड रुपयाहून जास्त एका दुपारीत गेला, आणि बँकांच्या वह्यांत असे हजारो कोटींचे रोखे असतात. डीलिंग रूममध्ये एरवी सगळे एकमेकांवर ओरडत असतात. त्या दिवशी पहिली काही मिनिटं कुणी बोललं नाही. तुमचा दर त्या दुपारपासून वाढायला लागला.

तक्रारीचं सांगते. आधी बँकेकडे लेखी द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, त्याला फी नाही. गृहवित्त कंपनी असेल तर तक्रार राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेकडे. आणि तरत्या दराचं वैयक्तिक गृहकर्ज मुदतीआधी फेडायला किंवा दुसऱ्या बँकेत न्यायला दंड लावता येत नाही, हे विसरू नका.

ताई, महागाई आटोक्यात ठेवायची म्हणून दर वेळी आमच्याच कांद्यावर कुऱ्हाड का? २०२३ मध्ये साठवणीच्या चाळीत कांदा होता, भाव जरा वर आला की ४० टक्के निर्यातशुल्क, मग बंदी. रिझर्व्ह बँकेला व्याजदर आहेत ना महागाई रोखायला?
*एक कांदा उत्पादक, निफाड तालुका*

भाऊ, तुमचा राग रास्त आहे.

रिझर्व्ह बँकेला कायद्याने दिलेलं लक्ष्य म्हणजे किरकोळ महागाई ४ टक्के, वर-खाली २ टक्क्यांची मुभा. ही महागाई मोजायच्या टोपलीत, २०१२ च्या पायावरच्या मालिकेत, खाण्यापिण्याच्या वस्तूंचं वजन होतं ४५.८६ टक्के. कांद्याचं वजन त्यात फक्त ०.६४ टक्के. पण कांदा, टोमॅटो, बटाटा यांचे भाव एकाच महिन्यात दुप्पट-तिप्पट होतात, त्यामुळे एवढ्याशा वजनानेही आकडा हलतो. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो भडकला आणि महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली. व्याजदर वाढवून टोमॅटो लवकर पिकत नाही की अवकाळीत भिजलेला कांदा वाळत नाही. व्याजदराने मागणी दाबता येते, माल उगवता येत नाही. तरी रिझर्व्ह बँक खाण्याच्या भावांकडे दुर्लक्ष करू शकत नाही, कारण घराघरातला महागाईचा अंदाज भाजीच्या पिशवीवरूनच ठरतो. त्यासाठी ती मुंबई, नागपूरसह अनेक शहरांतल्या कुटुंबांना नियमित विचारते.

म्हणून मालाच्या बाजूने काही करायचं काम सरकारकडे येतं. इथे मला दोन घटना शेजारी ठेवाव्याशा वाटतात.

पहिली मे २०२२ ची. एप्रिलची महागाई ७.७९ टक्के आली होती. रिझर्व्ह बँकेने दर वाढवायला सुरुवात केली आणि २१ मे रोजी केंद्राने पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क लिटरमागे ८ रुपये, डिझेलवरचं ६ रुपये कमी केलं. अर्थमंत्र्यांनीच सांगितलं की यामुळे वर्षाला सुमारे १ लाख कोटींचा महसूल जाईल. म्हणजे महागाई कमी करायची किंमत सरकारी तिजोरीने मोजली. ती आपल्या सगळ्यांच्या करातून आली, सगळ्यांत वाटली गेली.

दुसरी तुमची. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क. लासलगावसह जिल्ह्यातले लिलाव बंद पडल्यावर केंद्राने २ लाख टन कांदा क्विंटलला २,४१० रुपयांनी घ्यायचं जाहीर केलं. ऑक्टोबरअखेर किमान निर्यातमूल्य टनाला ८०० डॉलर. ८ डिसेंबरला सरसकट बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला ते गेलं. दीड वर्षाहून जास्त काळ. या काळात शहरातल्या गिऱ्हाइकाला जो दिलासा मिळाला त्याची किंमत तिजोरीने फार थोडी मोजली. ती तुमच्या चाळीतून वळती झाली. अर्थसंकल्पात तिची नोंद कुठेही नाही, तुटीच्या टक्केवारीत ती दिसत नाही, म्हणून ती स्वस्त वाटते.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. भावस्थैर्य ही सगळ्या देशाची गरज असेल तर तिचा खर्चही सगळ्या देशाने उचलावा. भाव पडलेले असताना बाजारभावाने मोठा साठा घ्या, साठवणुकीवर पैसा घाला, आणि निर्यात अडवायचीच असेल तर अडवलेल्या दिवसांची भरपाई अर्थसंकल्पात तरतूद करून द्या. तूट थोडी वाढेल, पण निदान ती कागदावर दिसेल आणि संसदेत तिच्यावर चर्चा होईल. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत असा विचार मांडला होता की महागाईचं लक्ष्य खाद्यपदार्थ वगळून ठरवता येईल का, ते पाहावं. तेवढ्याने तुमचा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. लक्ष्यातून कांदा काढला तरी दिल्लीत भाव चढल्यावर शुल्क लावणारा हात तोच राहणार.

उन्हाळ कांदा चाळीत ठेवून भावाची वाट पाहणाऱ्याला एक गोष्ट तरी आधी कळायला हवी: सरकार कोणत्या भावाला हस्तक्षेप करणार. रिझर्व्ह बँक आपलं लक्ष्य आकड्यात सांगते, बैठकांच्या तारखा आधी जाहीर करते आणि चौदाव्या दिवशी इतिवृत्त छापते. शेतमालाच्या बाबतीत अधिसूचना रात्री निघते आणि सकाळच्या लिलावात भाव पडतो. हा फरक मला अन्यायाचा वाटतो.

अर्थमंत्री मोठे की गव्हर्नर?
*एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर*

कायद्याने शेवटचा शब्द सरकारचा. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ७ नुसार सरकार गव्हर्नरांशी चर्चा करून बँकेला निर्देश देऊ शकतं. पण २०१६ पासून व्याजदर सहा जणांची समिती ठरवते. तिघे बँकेचे, तिघे सरकारने नेमलेले बाहेरचे, आणि मतं समसमान पडली तर गव्हर्नरांचं मत निर्णायक. महागाईचं लक्ष्य ठरवण्याचा अधिकार मात्र सरकारचा, बँकेशी सल्लामसलत करून. सलग तीन तिमाही महागाई २ ते ६ टक्क्यांच्या पट्ट्याबाहेर राहिली तर बँकेला सरकारला लेखी कारणं द्यावी लागतात. २०२२ मध्ये तशी वेळ आली. ते पत्र तेव्हा जाहीर केलं नाही. ते करायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे, कारण हप्ते भरणाऱ्यांना ती कारणं वाचायचा हक्क आहे.

या दोन्ही खुर्च्यांवर बसलेले चिंतामणराव देशमुख तुम्ही जरूर अभ्यासा. जन्म रायगड जिल्ह्यातल्या नाते गावचा. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० ते १९५६ अर्थमंत्री, आणि मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निर्णयाविरुद्ध त्यांनी ते पद सोडलं.

मी निवृत्त शिक्षिका आहे. बँकेने मुदत ठेवीचा दर कमी केला. गावातली पतसंस्था ९ टक्के देते. रिझर्व्ह बँकेचं लक्ष असतं आणि ५ लाखांचा विमाही असतो, मग सगळी ठेव तिथे हलवू का?
*एक वाचिका, बार्शी*

हलवू नका. पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण नसतं. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली, सहकार खात्याच्या निबंधकांच्या अखत्यारीत येते. आणि ५ लाखांचा ठेव विमा पतसंस्थेला नाहीच. तो व्यापारी बँका आणि सहकारी बँकांसाठी आहे. राज्यात चांगल्या चाललेल्या पतसंस्था पुष्कळ आहेत, पण जी सुरक्षितता तुम्ही धरून चालला आहात ती तिथे कायद्याने नाही.

विम्याची हकीकत आपल्या भागाशी जोडलेली आहे. १९६० मध्ये केरळची पलई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. लोकांचा बँकांवरचा विश्वास हलला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला, तेव्हा १,५०० रुपयांचा. मे १९९३ पासून तो १ लाख होता. फेब्रुवारी २०२० मध्ये ५ लाख झाला. सहकारी बँक पाहिलीत तर हे लक्षात ठेवा: ५ लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही येतात, आणि एकाच बँकेच्या सगळ्या शाखांतल्या तुमच्या नावाच्या ठेवी एकत्र मोजल्या जातात. तीन शाखांत तीन पावत्या करून विमा तिप्पट होत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर व्यवहारबंदीचे निर्बंध आले तरी विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची सोय आहे. पूर्वी यासाठी ठेवीदारांची उमेदीची वर्षं जात.

दर उतरतात तेव्हा कर्जदार सुखावतो आणि व्याजावर घर चालवणारा अडचणीत येतो. अशाच वेळी जास्त व्याजाची पाटी लावणाऱ्याकडे पैसा वाहतो. महागाई कमी असताना ७ टक्के व्याजाने तुमच्या हाती खरं किती उरतं हेही बघा. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाई ०.२५ टक्का होती. एप्रिल २०२२ मध्ये ती ७.७९ असताना साडेपाच टक्क्यांच्या ठेवीवर तुमचं मुद्दल आतून झिजत होतं, तेव्हा ते पासबुकात दिसलं नाही.

तुमच्यासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. तिचा दर रिझर्व्ह बँक ठरवत नाही, सरकार दर तिमाहीला ठरवतं. एप्रिल २०२३ पासून तो ८.२ टक्के आहे आणि २०२५ मध्ये रेपो सव्वा टक्का उतरला तरी सरकारने त्याला हात लावला नाही. मर्यादा ३० लाख, मुदत ५ वर्षं, व्याज दर तीन महिन्यांनी, आणि मागे भारत सरकार. एकदा ठेव घातली की त्या पाच वर्षांना तोच दर. पोस्टात किंवा बँकेत खातं उघडता येतं. उघडण्याआधी चालू तिमाहीचा दर विचारून घ्या. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या बँक-पोस्टातल्या व्याजावर वर्षाला १ लाखापर्यंत टीडीएस कापत नाहीत.

चालू पावती मुदतीआधी मोडायची असेल तर बँक व्याज किती कापणार ते आधी लिहून घ्या. मुदत संपायला थोडेच महिने उरले असतील तर थांबा. पतसंस्थेत मुळात काही ठेव असेल आणि ती काढायची असेल, तर अर्ज देऊन शिक्क्याची पोच घ्या, आणि रक्कम रोख न घेता तुमच्या बँक खात्यात मागा.